‘पिक अप’चे वीस अर्थ पाठ करू नका

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शब्दकोशात ‘पिक अप’ पाहिलं तर उचलणे, शिकणे, आजार लागणे, अटक करणे, सुधारणे, फोन घेणे असे वीसेक अर्थ दिसतात आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध लागत नाही. हे सगळं पाठ करायचं का? दुसरं, ‘आय विल पिक अप यू ॲट एट’ असं ईमेलमध्ये लिहिल्यावर वरिष्ठांनी वाक्य दुरुस्त केलं, पण चूक काय ते सांगितलं नाही. ती काय?

चुकीचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. ‘पिक यू अप’ हवं होतं. कर्म नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘पिक अप द बुक’ म्हणा नाहीतर ‘पिक द बुक अप’. पण नामाच्या जागी सर्वनाम आलं, म्हणजे इट, हिम, हर, देम, यू, मी यांपैकी काही, की ते ‘पिक’ आणि ‘अप’च्या मध्येच बसतं. ‘पिक इट अप.’ ‘पिक अप इट’ कोणी म्हणत नाही, बोलतानाही नाही. इंग्रजी वाक्याचं शेपूट नव्या आणि वजनदार माहितीसाठी राखलेलं असतं. सर्वनाम म्हणजे आधीच माहीत असलेली, हलकी गोष्ट. तिला शेवटची जागा मिळत नाही. उलट कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नये. ‘पिक अप द पेपर्स दॅट फेल बिहाइंड द कपबोर्ड’ हे ठीक, पण ‘पिक’ म्हणून मग कपाटामागच्या कागदांची सगळी कथा सांगून शेवटी ‘अप’ म्हटलं तर ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो.

ही चूक आपल्याकडे इतकी का होते, याचं मला सापडलेलं कारण सांगते. शाळेत आपण ‘लुक ॲट हिम’, ‘वेट फॉर हर’ हे आधी घोटतो. तिथे सर्वनाम शेवटी येतं आणि ते बरोबरही असतं, कारण ‘ॲट’ आणि ‘फॉर’ ही शब्दयोगी अव्ययं त्या सर्वनामाची असतात. ‘अप’ मात्र क्रियापदाचं असतं, ‘यू’शी त्याचं काही नातं नाही. दिसायला दोन्ही जोड्या सारख्या, म्हणून एकीची सवय दुसरीला लागते.

आता अर्थांकडे. मी बावीस वर्षं अनुवाद करते आणि त्यातली बरीच वर्षं शिकवतेही आहे. माझं ठाम मत असं की मराठी माणसाला ‘पिक अप’चे निम्मे अर्थ आधीच येत असतात, फक्त ते येतात हे त्याच्या ध्यानात नसतं. आपलं ‘उचलणे’ बघा. आपण फोन उचलतो. पोलीस संशयिताला पहाटे घरातून उचलतात. थोरला भाऊ धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतो. लहान मूल नवे शब्द पटकन उचलतं. उशीर होत असला की आपण म्हणतो, ‘जरा पाय उचल’. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत डोळे मिटून ‘पिक अप’ लिहा: पिक अप द फोन, पिक्ट अप बाय द पोलीस, पिक अप द बिल, पिक अप वर्ड्स, पिक अप द पेस. शब्दकोशातल्या वीस अर्थांमधले पाच इथेच संपले, आणि तेही पाठ न करता.

पण ‘उचलणे’ सगळीकडे सोबत करत नाही. दुसऱ्याची चाल उचलली, लेख उचलला, असं आपण चोरीबद्दल म्हणतो, तेव्हा इंग्रजी ‘लिफ्ट’कडे वळतं. एखाद्याला किंवा एखाद्या मागणीला उचलून धरणं म्हणजे ‘सपोर्ट’ किंवा ‘बॅक’. विडा उचलला, उचलली जीभ लावली टाळ्याला, उचलबांगडी केली, इथे तर ‘पिक अप’चा वासही नाही. पगारातून घेतलेली उचल म्हणजे सरळ ‘ॲडव्हान्स’. त्यामुळे उचलणे ही सुरुवात आहे, किल्ली नव्हे.

किल्ली शोधायची तर ‘पिक’ आणि ‘अप’ वेगळे करून बघावे लागतात. ‘पिक’ म्हणजे बोटांच्या चिमटीनं किंवा चोचीनं एकेक वस्तू घेणं. ‘अप’ म्हणजे खालून वर, आणि वर म्हणजे व्यवहारात माझ्याकडे, माझ्या हातापर्यंत. अंगणात दाणे पडलेत आणि चिमणी ते टिपते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. दाणा तिथे पडलेलाच होता, तिनं पेरला नव्हता. श्रम फारसे नाहीत. आणि तो आता तिचा झाला. या तीन गोष्टी, म्हणजे आयतं पडलेलं असणं, सहज हाती येणं आणि आपलं होणं, जवळपास प्रत्येक अर्थात सापडतात.

भाषेचं घ्या. ‘आय पिक्ट अप सम जॅपनीज’ म्हणजे मी शिकवणी लावून, वही घेऊन जपानी शिकले असं नाही. आजूबाजूला बोललं जात होतं, कानावर पडलं, थोडं आपलं झालं. म्हणून हे क्रियापद नोकरीच्या अर्जात कुठे चालतं आणि कुठे नाही हे नीट कळलं पाहिजे. ‘आय पिक्ट अप पायथन ऑन द जॉब’ (पायथन ही संगणकाची प्रोग्रॅमिंगची भाषा) हे चांगलं वाक्य आहे. काम करता करता शिकलो, असा त्यात एक नम्र भाव आहे. पण चार वर्षं घासून मिळवलेल्या पदवीबद्दल ‘पिक्ट अप’ लिहिलं तर ती येता येता रस्त्यात सापडली असं वाटतं. तिथे ‘स्टडीड’ किंवा ‘अर्न्ड’ लिहा. लकब, बोलण्याची ढब, वाईट सवय या गोष्टी मात्र हमखास ‘पिक अप’ होतात, कारण त्यांची शिकवणी कोणी लावत नाही. मराठीत आपण सवय ‘जडली’ किंवा ‘लागली’ म्हणतो आणि माणसाला सोडून सवयीलाच कर्ता करतो. इंग्रजीत कर्ता माणूस राहतो. अनुवाद करताना हा उलटफेर केला नाही तर ‘त्याने सवय उचलली’ असलं काहीतरी अवतरतं.

आजाराचंही तसंच. ‘शी पिक्ट अप अ कोल्ड ऑन द फ्लाइट’, विमानात तिला सर्दी लागली. बाहेर कुठेतरी होती, तिला चिकटली. म्हणूनच ‘पिक अप’ फक्त संसर्गाच्या आजारांना चालतं. सर्दी, पोटाचा संसर्ग, एखादा विषाणू. मधुमेह किंवा कर्करोग कोणी ‘पिक अप’ करत नाही, कारण तो कुठे पडलेला नसतो. ही एक कसोटी लक्षात ठेवली तर शब्दकोश उघडावा लागत नाही.

एक आडवळण घेते, पण कामाचं आहे. क्रियापदाला छोटा शब्द चिकटवून अर्थ पालटण्याची ही खोड परक्यांना छळते, हे इंग्रजांनाही फार पूर्वीपासून माहीत आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परक्यांना सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणून हिचाच उल्लेख केला आणि ‘कम ऑफ’, ‘सेट आउट’, ‘टेक ऑफ’ अशी उदाहरणं दिली. गंमत म्हणजे त्यांच्या यादीत ‘टेक ऑफ’चा अर्थ नक्कल करणे असा आहे. विमानं उडायला अजून जवळजवळ दीडशे वर्षं होती. या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील स्वरूपात रूढ केलं लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी, १९२५ मध्ये, आणि ते नाव सुचवल्याचं श्रेय त्यांनी ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे नाव शंभर वर्षांचं, दुखणं त्याहून जुनं.

आणि आपण याबद्दल इंग्रजीला नावं ठेवायचं कारण नाही. ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यातला फरक एखाद्या परदेशी माणसाला समजावून बघा. टाकलं काहीच नाही, उलट पोटात गेलं. ‘बसला’ आणि ‘बसून राहिला’, ‘बोलला’ आणि ‘बोलून गेला’, इथे कोण कुठे गेलं? आपण मागे दुसरं क्रियापद लावतो, इंग्रजी ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ लावतं. ‘ईट अप’ला मराठीत ‘खाऊन टाक’ इतकं नेमकं उत्तर दुसरं नाही. ज्याच्या तोंडी ‘बोलून गेला’ सहज येतं, त्यानं ‘पिक अप’ला भ्यायचं काहीच कारण नाही.

परत चिमणीकडे. तिच्या ‘टिपणे’ या क्रियेला मराठीत फार मोठा पसारा आहे आणि ‘पिक अप’च्या एका संपूर्ण अर्थगटाला तो चपखल बसतो. रडारनं विमान टिपलं, माइकनं मागची कुजबुज टिपली, कॅमेऱ्यानं हालचाल टिपली. या सगळ्याला इंग्रजीत ‘पिक्ट अप’. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेली एक पट्टी असते. तारेचं कंपन टिपून ती त्याचा विद्युत संकेत करते. तिचं नावच पिकअप. गोलंदाजानं दोन बळी टिपले, यालाही समालोचक ‘पिक्ट अप टू विकेट्स’ म्हणतात. पण त्याच समालोचनात ‘ही डिडन्ट पिक द गुगली’ असं आलं तर सावध व्हा, तिथे ‘अप’ नाही. नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं किंवा, इथल्यासारखं, हातातून सुटतानाच चेंडू ओळखणं.

माणसानं एखादी सूक्ष्म गोष्ट टिपली तर ‘पिक अप ऑन’ येतं, आणि इथे नवशिक्या अनुवादकांचे पाय हमखास घसरतात. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका उपशीर्षकांच्या फाइलमधला प्रसंग सांगते. पडद्यावर दोघं जेवत बसलेत. तो हसून काहीतरी उत्तर देतो, पण अर्धा सेकंद उशिरा. ती काटा खाली ठेवते. पुढच्या दृश्यात मैत्रीण तिला विचारते, तुला कसं कळलं? ती म्हणते, ‘ही पॉझ्ड. आय पिक्ट अप ऑन इट.’ खाली मराठीत होतं: ‘तो थांबला. मी ते वर उचललं.’ काय उचललं, काटा? अनुवादक हुशार मुलगा होता, त्यानं ‘अप’ आणि ‘ऑन’ दोन्हींना न्याय द्यायचा प्रयत्न केला होता. आम्ही ते ‘तो जरा अडखळला. मी तिथेच ताडलं’ असं केलं. हेरणे, ताडणे, लक्षात येणे, यातलं प्रसंगाला शोभेल ते घ्यावं. आणि ‘पिक अप ऑन’ तोडता येत नाही, सर्वनाम शेवटीच जातं: ‘पिक अप ऑन इट’. वरच्या नियमाला हा अपवाद नाही. इथे ‘इट’ हे ‘ऑन’चं आहे, ‘अप’चं नाही.

माणसांना ‘पिक अप’ करण्याबद्दल जरा जपून. ‘पिक मी अप’ हे तीन शब्द दोन हात वर करून उभं असलेलं दोन वर्षांचं मूल म्हणतं तेव्हा अर्थ ‘मला कडेवर घे’. तेच शब्द मोठ्या माणसानं फोनवर म्हटले तर ‘मला घ्यायला ये’. आपल्या ‘घेणे’तही दोन्ही मावतात, म्हणून हे कठीण जात नाही. कठीण जातं ते वेगळंच. पार्टीत भेटलेल्या मुलीला वाटेत घरी सोडलं, हे सांगायला ‘आय पिक्ट अप अ गर्ल ॲट द पार्टी’ म्हणू नका. ऐकणारा त्याचा अर्थ ओळख काढून तिला पटवलं असा घेईल. ‘आय गेव्ह हर अ लिफ्ट’ म्हणा आणि सुखी राहा.

‘फेच’, ‘कलेक्ट’ आणि ‘पिक अप’ यांत गोंधळ होतो. ‘फेच’मध्ये जाऊन परत येणं असं दोन्ही गृहीत असतं, निघालो तिथे घेऊन परतलो. ‘कलेक्ट’ ब्रिटिश वापरात जास्त, पार्सल किंवा शाळेतून मूल नेण्यासाठी, आणि किंचित औपचारिक. ‘पिक अप’ला परत यायची सक्ती नाही, वाटेत घेतलं आणि पुढे गेलो तरी चालतं.

भारतात आपण ‘अप’ गाळतो, ते मात्र थांबवलं पाहिजे. ‘पिक मी ॲट एट’ म्हणजे शब्दशः ‘आठ वाजता माझी निवड कर’. संदर्भानं समजून घेतात, नाही असं नाही. पण ‘ड्रॉप मी’च्या बाबतीत ‘ऑफ’ गाळणं एकवेळ खपतं, ‘पिक’चा ‘अप’ गाळणं कानाला टोचतं.

बिलाचा एक किस्सा इथे आठवतो. माझा एक विद्यार्थी कामासाठी पहिल्यांदाच परदेशात गेला होता. आठ जण जेवायला बसलेले, बिल यायला वेळ लागत होता. हा तरुण, उत्साही. उठला आणि म्हणाला, ‘आय विल पिक अप द बिल’. त्याच्या मनात होतं, काउंटरवरून बिल घेऊन येतो. परत आला तर सातही जण त्याचे आभार मानत होते. त्या रात्री त्यानं मला फोन करून विचारलं, ‘मॅडम, हे तुम्ही आम्हाला शिकवलं नव्हतं का?’ शिकवलं होतं, फक्त ‘खर्च उचलणे’शी जोडून नाही. तेव्हापासून मी वर्गात मराठीपासून सुरुवात करते. त्याला म्हणायचं होतं ते ‘आय विल गो अँड गेट द बिल’.

आतापर्यंतच्या सगळ्या वाक्यांत कोणीतरी काहीतरी उचलत होतं. काही वेळा कर्मच नसतं, गोष्ट आपणहून वर येते. ‘द विंड पिक्ट अप’, वाऱ्यानं जोर धरला. ‘बिझनेस इज पिकिंग अप’, धंदा उभारी घेतो आहे. यात आधी मंदी किंवा संथपणा होता हे गृहीत धरलेलं असतं. म्हणून ‘वारा सुटला’ हा अनुवाद थोडा चुकतो, कारण सुटण्याआधी वारा नव्हताच, आणि ‘पिक्ट अप’च्या आधी झुळूक तरी होती. आपल्या ‘उचल खाणे’चा इथे मोह होतो. पण आपल्याकडे उचल खातात ती बहुधा नकोशी प्रकरणं: जुनं दुखणं, मिटलेला वाद. त्याला इंग्रजीत ‘फ्लेअर अप’ म्हणतात. ‘पिक अप’ होतं ते सहसा हवंहवंसं किंवा निदान तटस्थ. ‘गाडीला पिकअप नाही’ ही आपली तक्रारही याच घरातली आहे. अमेरिकी बोलीत ‘पिकअप’ हे नाम गाडी झटकन वेग घेण्याच्या क्षमतेसाठी वापरलं गेलेलं आहे, तेव्हा कोणी याला मराठी इंग्रजी म्हणून हसलं तर ऐकून घेऊ नका.

ऑफिसात रोज लागणारा एक अर्थ उरला: सोडलेला धागा पुन्हा हातात घेणं. ‘लेट्स पिक धिस अप ऑन मंडे’ म्हणजे हा विषय सोमवारी पुढे नेऊ. कोणतंही पार्सल घ्यायला कोणी येणार नाही. ‘पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’, जिथे थांबलो होतो तिथून पुढे. ‘पिक अप आफ्टर’ वेगळं: मुलांच्या मागे पसारा आवरत फिरणं. तो ‘आफ्टर’ आपल्या ‘मागे’सारखाच, आणि त्यात तीच दमलेली कुरकुर आहे. ‘पिक युवरसेल्फ अप’ म्हणजे पडलास तर ऊठ, सावर.

लिहिताना क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे, नाम असेल तर जोडून किंवा मध्ये जोडरेघ देऊन. ‘पिकअप पॉइंट’ नाम, जोडून. ‘वी पिक अप ॲट नाइन’ क्रियापद, सुटं. बोलतानाही हा फरक ऐकू येतो. नामात जोर ‘पिक’वर पडतो, क्रियापदात, विशेषतः मध्ये सर्वनाम असताना, ‘अप’वर. अमेरिकी माणूस ‘पिक इट अप’ भरभर म्हणतो तेव्हा कानावर ‘पिकिडप’ असं काहीसं येतं, कारण दोन स्वरांमधला ‘ट’ तिथे ‘ड’कडे झुकतो. पहिल्यांदा ऐकताना मलाही तो एखादा नवाच शब्द वाटला होता आणि मी तो कोशात ‘ड’वरून शोधत बसले होते.